नववा आठवडा, पन्नास टक्के हजेरी: नैराश्यात सत्र वाचवण्याचं एक प्रकरण

रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वय २२. महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या आवारातला विभाग, राहायला वसतिगृहात, आईवडील रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. पहिल्या वर्षी एकही विषय राहिलेला नाही. तिसऱ्या सत्राच्या पाचव्या आठवड्यापासून तिची झोप बिघडली आणि नवव्या आठवड्याच्या शेवटी सूचनाफलकावर लागलेल्या कमी हजेरीच्या यादीत तिचं नाव आलं.

हे कुणा एकीचं प्रकरण नाही. अशा प्रकरणांत जे टप्पे आणि ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकत्र करून ते बांधलं आहे. आकडे मात्र मुद्दाम नेमके ठेवले आहेत, कारण सत्र वाचणार की नाही हे शेवटी बेरीज-वजाबाकीवर ठरतं.

पाचवा ते आठवा आठवडा

पहाटे तीनला जाग यायची, मग झोप नाही. सहाच्या सुमारास डोळा लागायचा तो थेट अकराला उघडायचा. सकाळी आठ आणि नऊचे तास बुडू लागले. दुपारी ती विभागात दिसायची, त्यामुळे वर्गात कुणाला काही खटकलं नाही. 'सकाळी उठत नाही' एवढंच सगळ्यांना दिसलं. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे नैराश्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. वसतिगृहात मात्र ते रात्री मोबाइल बघत बसण्याच्या खात्यावर जमा होतं. तिनेही आधी तसंच धरलं होतं.

सातव्या आठवड्यात अंतर्गत चाचणी होती, ती तिने दिली नाही. वर्ग समन्वयक सरांना ती म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये." सर म्हणाले, "मग मेडिकल आण." सरांचं चुकलं असं म्हणता येत नाही. 'बरं वाटत नाही' याचं विद्यापीठाच्या भाषेतलं भाषांतर 'मेडिकल सर्टिफिकेट' असंच होतं.

इथे तिच्या हातून जी चूक झाली ती फार जण करतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून तिने 'व्हायरल फीव्हर, पाच दिवस विश्रांती' असा दाखला आणला आणि चाचणी पुढच्या आठवड्यात मिळवली. त्या दिवसापुरतं काम झालं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्रात 'गेल्या पाच-सहा आठवड्यांपासून लक्षणं' असं आलं, तेव्हा विभागाच्या फाइलमध्ये त्याच काळाचं दुसरंच कारण सांगणारा कागद आधीपासून होता. विभागप्रमुखांचा पहिला प्रश्न साहजिकच होता: "यातलं खरं कुठलं?" ताप नसताना तापाचा दाखला घेतला की पुढच्या खऱ्या दाखल्याचीही किंमत जाते. आधीच दिला गेला असेल तर तो लपवू नये. नंतरच्या अर्जात एका वाक्यात सांगून टाकावं: त्या वेळी निदान झालेलं नव्हतं, म्हणून तसा दाखला सादर झाला.

समुपदेशक आणि डॉक्टर ही दोन वेगळी दारं

आठव्या आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणीने तिला विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात नेलं. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस यायचे आणि पुढची वेळ अकरा दिवसांनंतरची होती. अशा ठिकाणी 'मी थांबते' म्हणून उठून यायचं नाही. नोंदवहीत नाव लिहायचं आणि तिथेच सांगायचं, की झोप आणि अभ्यास बंद पडलेत, कुणाची वेळ रद्द झाली तर मला फोन करा. तिने तसं सांगितलं. चार दिवसांत वेळ मिळाली.

२५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं बंधन घातलं आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करायची आहे. टेली-मानससारख्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहात ठळक लावायचे आहेत. आपल्या संस्थेत यातलं काहीच नसेल तर 'आमच्याकडे तशी सोय नाही' हे उत्तर आता पुरत नाही.

समुपदेशकांनी पहिल्या भेटीत तिला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. तिचे १७ आले. १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र या पट्ट्यात. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरकडे जायला किती उशीर चालेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे तिने 'काही दिवस' असं लिहिलं होतं. त्यावर समुपदेशकांनी सरळ विचारलं: विचार कधी येतो, काही ठरवलं आहे का, हाताशी काय आहे, काय केलं की थांबतो. असं विचारल्याने विचार बळावत नाही. उलट तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, की ठरवलेलं काही नाही, पण 'सकाळी उठूच नये' असं वाटतं.

निघताना हातात एक कागद होता. वर धोक्याच्या खुणा (तिच्या बाबतीत: दोन रात्री सलग न झोपणं, जेवायला मेसमध्ये न जाणं). त्याखाली एकटीने करायच्या दोन गोष्टी, फोन करायची तीन माणसं त्यांच्या क्रमांकांसह, आणि टेली-मानसचा १४४१६. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला गेला.

सोबत रेफरलची चिठ्ठी दिली गेली. औषध लिहून देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो, आणि हजेरीच्या सवलतीसाठी त्यांचं पत्र बहुतेक ठिकाणी 'मेडिकल' म्हणून धरलं जात नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा, म्हणजे सिव्हिलचा, मानसोपचार विभाग. ती तिथेच गेली. सकाळी केसपेपर काढून रांगेत बसावं लागतं, आणि नेमकं सकाळीच उठता न येणाऱ्या माणसाला ते सगळ्यात जड जातं. म्हणून पहिल्या भेटीला मैत्रीण सोबत गेली. ही साधी गोष्ट, पण अनेकांची पहिली ओपीडी इथेच हुकते.

डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो. नैराश्यावरचं औषध सुरू झालं. दोन गोष्टी आधीच सांगितल्या गेल्या, ते बरं झालं. पहिली: फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी मळमळ आणि अस्वस्थता येऊ शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचं. दुसरी: बरं वाटू लागलं म्हणून गोळी आपण होऊन बंद करायची नाही. गोळ्या एका वेळी एकाच आठवड्याच्या घ्यायच्या आणि ठेवायला मैत्रिणीकडे द्यायच्या, असंही ठरलं.

झोपेसाठीची गोळी रात्री अकराला घेतली की सकाळी दहापर्यंत डोकं जड राहायचं. दुसऱ्या भेटीत तिने हे सांगितलं, डॉक्टरांनी वेळ नऊवर आणली आणि मात्रा कमी केली. सकाळच्या तासांच्या दृष्टीने या एका बदलाने जे झालं ते कुठल्याही अर्जाने झालं नसतं. तरीही दुष्परिणाम डॉक्टरांना सांगायचे असतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. ते मुकाट्याने गोळी सोडून देतात.

हजेरीचं गणित

या विद्यापीठात हजेरीची अट ७५ टक्के आणि ती विषयवार मोजली जाते. काही ठिकाणी ती सगळ्या विषयांची मिळून मोजतात, म्हणून आधी आपली नियमावली पाहावी. चार क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास, पंधरा आठवडे, आठवड्याला चार. ७५ टक्के म्हणजे ४५ तास.

नवव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयाचे ३६ तास झाले होते, २४ उरले होते. चित्र असं होतं:

सकाळी आठचा विषय: ३६ पैकी १८ हजर. उरलेले सगळे २४ तास बसली तरी ४२, म्हणजे ७० टक्के. नियमाने हा विषय आता वाचत नाही.

सकाळी नऊचा विषय: ३६ पैकी २२. उरलेले सगळे बसली तर ४६. फक्त एक तास बुडवायची मुभा.

दुपारचे दोन विषय: प्रत्येकी ३६ पैकी २८. उरलेल्या २४ पैकी १७ पुरेसे.

प्रयोगशाळा: पंधरा सत्रांपैकी नऊ झाली, त्यांतली चार चुकली. चार प्रयोग वहीत नाहीत.

हे गणित समुपदेशकांसमोर बसून मांडलं गेलं, तोपर्यंत तिच्या डोक्यात एकच वाक्य होतं: 'सत्र गेलं.' नैराश्यात डोकं असंच हिशेब करतं, सगळं किंवा काहीच नाही. कागदावर मात्र चारपैकी दोन विषय सुरक्षित होते, एक काठावर, एक गेल्यात जमा. चारही विषयांसाठी 'सवलत द्या' म्हणण्याऐवजी काठावरच्या एका विषयासाठी आणि चार प्रयोगांसाठी मागणी करायची, आणि आठच्या विषयाचा निर्णय डॉक्टरांच्या पत्रावर सोडायचा, असं ठरलं. मागणी लहान आणि मोजलेली असली की देणाऱ्यालाही ती देता येते. आपल्याकडच्या अर्जांत नेमकं हेच नसतं.

वर्ष सोडण्याचा पर्याय तिने स्वतःच काढला होता. तो कधीकधी योग्यही असतो: बसून राहवत नसेल, दाखल व्हायची वेळ आली असेल, किंवा सगळेच विषय गेले असतील, तर रीतसर खंड घेणं हे परीक्षेत चार वेळा नापास होण्यापेक्षा बरं. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या डिजिटल खात्यात, मिळवलेले क्रेडिट कमाल सात वर्षं टिकतात, त्यामुळे केलेलं शिक्षण बुडत नाही. पण खंडाआधी तीन ठिकाणी विचारायचं असतं: शिष्यवृत्तीचं नूतनीकरण होईल का, वसतिगृहाची खोली राहील का, आणि शैक्षणिक कर्ज असेल तर बँक अभ्यासक्रमाची मुदत वाढवून देईल का. तिच्या बाबतीत खोली गेली असती आणि घरी एकटं बसणं डॉक्टरांना नको होतं. खंडाचा विचार मागे पडला.

पत्र

डॉक्टरांनी पहिल्यांदा दिलेलं पत्र असं होतं: 'सदर विद्यार्थिनी नैराश्यासाठी आमच्याकडे उपचार घेत आहे. योग्य ते सहकार्य करावे.'

विभागात या पत्राचं काही होऊ शकलं नाही. आजाराचं नाव होतं, जे सांगायची गरज नव्हती, आणि तारखा, परिणाम, शिफारस यांतलं काहीच नव्हतं. दोष डॉक्टरांचाही म्हणता येत नाही. सिव्हिलच्या ओपीडीत एका रुग्णामागे काही मिनिटंच मिळतात, आणि विद्यापीठाला काय लागतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या वेळी समुपदेशकांनी मजकुराचा कच्चा आराखडा लिहून दिला. डॉक्टरांनी त्यात दुरुस्त्या करून तो लेटरहेडवर घेतला. आशय असा:

> सदर विद्यार्थिनी (प्रवेश क्रमांक …) दि. … पासून माझ्या उपचारांखाली आहे. तिच्या सांगण्यानुसार व तपासणीनुसार लक्षणे अंदाजे दि. … पासून आहेत.
>
> या काळात झोपेचा क्रम बिघडल्याने सकाळी वेळेवर उपस्थित राहणे व सलग एकाग्रता ठेवणे यावर परिणाम झाला आहे. उपचारांना प्रतिसाद अपेक्षित आहे. पुढील सहा ते आठ आठवड्यांत सुधारणा अपेक्षित.
>
> वैद्यकीय दृष्टीने शिफारस: (१) दि. … ते दि. … या काळातील अनुपस्थिती वैद्यकीय कारणास्तव गणावी. (२) राहिलेले प्रयोग अन्य गटासोबत पूर्ण करण्याची संधी द्यावी. (३) लेखी परीक्षेत शांत जागा व थोड्या विश्रांतीची मुभा द्यावी.
>
> सदर पत्र सात आठवड्यांनी पुनरावलोकनास पात्र.

खाली सही, शिक्का, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. निदानाचं नाव नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा रुग्णाला हक्क आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असेल तेव्हा, पण 'वर्ग समन्वयकाला जाणून घ्यायचं आहे' हा त्यांतला नाही. परीक्षा विभागाने निदान हवंच म्हटलं तर ते बंद पाकिटात, एकाच अधिकाऱ्याच्या नावे द्यावं.

पहिलं पत्र मात्र विभागात जाऊन आलं होतं, आणि त्याचा फोटो कुठल्याशा व्हॉट्सअॅप गटात फिरला. कुणी मुद्दाम त्रास द्यायला केलं असं नाही. लिपिकाने एका प्राध्यापकांना 'हे बघा' म्हणून पाठवलं, तिथून ते पुढे गेलं. नंतर तिने विभागप्रमुखांना लेखी कळवलं, की ही माहिती गोपनीय आहे, पत्र गटातून काढून टाकावं आणि पुढचा पत्रव्यवहार फक्त आपल्याशी व्हावा. फोटो काढले गेले, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. आजाराचं नाव नसलेलं पत्र पहिल्यापासून घ्यायचं ते याचसाठी.

अर्ज आणि आवक क्रमांक

अर्ज विभागप्रमुखांच्या नावे, प्रती समान संधी कक्ष आणि विद्यार्थी विकास विभाग यांना. मजकूर एका पानात बसला:

> विषय: वैद्यकीय कारणास्तव हजेरी व प्रयोगांबाबत सवलत मिळणेबाबत.
>
> महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करते की, सोबत जोडलेल्या वैद्यकीय पत्रात नमूद कालावधीत मी नियमित उपस्थित राहू शकले नाही. सातव्या आठवड्यात निदान झालेले नसल्याने अन्य कारणाचा दाखला सादर झाला होता. तो रद्द समजावा.
>
> माझी विनंती: (१) नऊच्या विषयात काही तास कमी पडल्यास वैद्यकीय कारणास्तव क्षमापित करावेत. (२) राहिलेले चार प्रयोग बुधवारच्या गटासोबत करू द्यावेत. (३) आठच्या विषयातील कमी हजेरी हजेरी समितीसमोर ठेवावी.
>
> उर्वरित तासांना उपस्थित राहण्याचा माझा प्रयत्न राहील. दर पंधरा दिवसांनी आपणास हजेरी दाखवीन.

अर्ज लिपिकाच्या टेबलावर ठेवून यायचं नाही. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. 'ठेवून जा, सर आल्यावर देते' असं म्हटलं जातं. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे म्हणायचं, "मॅडम, पोच दिली की निघते." महिन्याने 'तुमचा अर्ज आलाच नाही' असं ऐकून घ्यावं लागतं ते पोच नसते म्हणून. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठवलेला अर्जही चालतो, फक्त पाठवल्याची तारीख जपून ठेवायची.

प्रयोगांची तारीख लगेच ठरवावी लागली. प्रयोगशाळेत प्रयोगांची मांडणी फिरत्या क्रमाने असते, आणि एखाद्या प्रयोगाची फेरी संपली की उपकरणं आणि द्रावणं आवरली जातात. चुकलेल्या चार प्रयोगांपैकी दोनच बुधवारच्या गटात अजून व्हायचे होते. उरलेल्या दोन्हींसाठी प्रयोगशाळा साहाय्यकांशी बोलून एक शनिवार ठरवला. सत्र संपल्यावर प्रयोग मागितले असते तर इच्छा असूनही कुणाला देता आले नसते.

काय मिळालं, काय नाही

प्रयोगांना विभागप्रमुखांनी दोन दिवसांत मंजुरी दिली. उरलेल्या सहा आठवड्यांत नऊच्या विषयाचे २४ पैकी २२ तास ती बसली. एकूण ४४, टक्केवारी ७३ च्या थोडी वर. एक तास कमी पडला होता, तो क्षमापित झाला. आठच्या विषयात ती २४ पैकी २० बसली, एकूण ३८, म्हणजे ६३ टक्के. समितीने तो विषय नाकारला. वैद्यकीय कारणावर किती तूट माफ करायची याची मर्यादा नियमावलीत ठरलेली असते, आणि ही तूट त्या मर्यादेबाहेर होती. तो विषय मागे राहिला. पुढच्या वर्षी तिसरं सत्र चालू होईल तेव्हा तास करून द्यायचा.

समितीचा निर्णय कठोर वाटू शकतो, पण नियमाच्या चौकटीत तो होता, आणि त्यावर अपील करून शक्ती घालवू नये हा सल्ला योग्यच होता. अपील करण्यासारखी गोष्ट परीक्षा विभागात होती.

लेखी परीक्षेसाठी तिने स्वतंत्र खोली आणि मधल्या विश्रांतीचा वेळ शेवटी भरून मिळावा असा अर्ज केला होता. परीक्षा विभागाचं उत्तर आलं: 'चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला सादर करावा.'

हे उत्तर इतकं रूढ आहे की विद्यार्थी तिथेच थांबतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार समाविष्ट आहे. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोय देणं, म्हणजे अडचणीप्रमाणे व्यवस्थेत आवश्यक तो बदल करून देणं, ही वेगळी जबाबदारी आहे, आणि ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ती चाळीस टक्क्यांशी बांधलेली नाही. तिथे प्रश्न लेखनिकाचा होता. तत्त्व मात्र व्यापक आहे.

एक अडचण मात्र मान्य करावी लागते. कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या दीर्घकालीन अडचणीबद्दल बोलते, आणि काही आठवड्यांचा पहिला झटका 'दीर्घकालीन' कसा, असा प्रतिवाद होऊ शकतो. म्हणून तिच्या अर्जात मुख्य आधार वैद्यकीय पत्राचा ठेवला, कायदा दुसऱ्या परिच्छेदात. ज्यांचा आजार वर्षानुवर्षांचा आहे, द्विध्रुवी विकार (बायपोलर) किंवा छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), त्यांनी कायदा पहिल्या ओळीत आणावा.

दिव्यांगत्वाचा दाखला काढावा का, हाही प्रश्न आलाच. मानसिक आजारासाठी आयडियाज ही मोजपट्टी वापरतात: स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन, काम, या चारांना प्रत्येकी शून्य ते चार, आणि आजार किती काळ चालला त्याचे वेगळे गुण. एकूण २० पैकी सात आले की चाळीस टक्के. काही आठवड्यांच्या नैराश्यात, उपचार चालू असताना, तिथे पोहोचणं कठीण आणि वैद्यकीय मंडळापुढे जाऊन परत येणं खच्चीकरण करणारं. तिने तो मार्ग तेव्हा सोडला.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार या समितीने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. न पटल्यास पंधरा दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठात नेमलेल्या व्यक्तीकडे, अपील करता येतं. परीक्षा सतराव्या आठवड्यात होती, म्हणजे वेळ जेमतेम होता. आणखी एक आठवडा उशीर झाला असता तर निर्णय अगदी परीक्षेच्या तोंडावर आला असता. समितीने लहान खोली आणि प्रत्येक तासाला दहा मिनिटांची, शेवटी भरून देण्याची विश्रांती मंजूर केली. तीन तासांच्या पेपरला सरसकट एक तास जादा, ही अर्जातली शेवटची मागणी (प्रति तास किमान २० मिनिटं या केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांच्या धर्तीवर) नाकारली गेली. तिने ती मागायलाच नको होती. तिची अडचण लिहिण्याच्या वेगाची नव्हती, सलग बसण्याची होती, आणि मागणी अडचणीशी जुळत नाही असं दिसलं की बाकीच्या मागण्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

घरी सांगणं

आईला फोनवर तिने दहाव्या आठवड्यात सांगितलं. आधी तालीम केली होती: काय झालं, कुणाला दाखवलं, आता काय चालू आहे, तुझ्याकडून काय हवं. आईचा पहिला प्रतिसाद "घरी ये, आराम कर, त्या गोळ्या नको घेऊस" असा होता, आणि तो अपेक्षितच असतो. 'तुझ्याकडून काय हवं' हे आधीच ठरलेलं असल्याने बोलणं भरकटलं नाही: "आई, रोज रात्री नऊला फोन कर आणि गोळी घेतली का एवढंच विचार. अभ्यासाचं विचारू नकोस." पुढच्या महिन्यात आई दोन दिवस येऊन राहिली आणि तिच्यासोबत ओपीडीत गेली. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर गोळ्यांचा वाद संपला.

खोलीतल्या मैत्रिणीवर मात्र गरजेपेक्षा जास्त भार पडला होता. गोळ्या तिच्याकडे, सोबत जाणं तिचं, रात्रीची जाग तिची. तिच्याही परीक्षा होत्या. अकराव्या आठवड्यात समुपदेशकांनी तिलाही एक वेळ दिली आणि गोळ्या वसतिगृहाच्या परिचारिकेकडे ठेवायचं ठरलं.

चौथं सत्र

परीक्षेला तीन विषय दिले, तिन्ही उत्तीर्ण. पीएचक्यू-९ चे गुण जानेवारीत सहा होते. पहिल्या झटक्यानंतर लक्षणं गेल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, त्यामुळे गोळ्या चौथ्या सत्रभर राहणार होत्या.

सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तिने विभागात तीन गोष्टी करून घेतल्या. डॉक्टरांकडून नव्या तारखेचं पत्र घेतलं, कारण जुन्याची सात आठवड्यांची मुदत कधीच संपली होती. प्रकल्पासाठी मार्गदर्शक निवडताना दर सोमवारी पंधरा मिनिटं भेटायची सवय असलेल्या मॅडमकडे अर्ज केला, विषय थोडा कमी आवडीचा असूनही. आणि वेळापत्रक लागलं त्या दिवशीच प्रयोगशाळेचा सकाळचा गट बदलून दुपारचा मागितला. गटात जागा असल्याने तो मिळाला, वेगळा अर्ज लागला नाही.

हजेरीची वही ती आता स्वतः ठेवते, दर शुक्रवारी भरते. कुठल्याही विषयात दोन तास सलग चुकले की समुपदेशकांना मेसेज जायचा, असं ठरलं आहे. फेब्रुवारीत तो एकदा गेला. सर्दी झाली होती.